खालच्या खणाची पेटी

गावाचं नाव सांगायचं नाही. सांगितलं तर अकरा घरांतून अकरा धोंडे येतील आणि त्यातला एखादा नेमका लागेलच. एवढंच समजा, की केळझर सोडून सेलूकडे निघालं की एक पानठेला लागतो आणि तिथून आत दीड मैल पायी चालावं लागतं. त्या गावात रूपराव वाढई राहतात. वाढई म्हणजे सुतार. आपल्याकडे सुताराला सुतार म्हटलं तर तो मागे वळूनही पाहत नाही. वय अठ्ठावन्न, अंगकाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीसारखी, आणि बोलणं इतकं कमी की पाहुणे आले तर चहा घेता का हेसुद्धा त्यांची बायको जिजाबाईच विचारते.

हातात मात्र देवानं कला दिली होती, आणि ती सढळ दिली होती. लाकडातली केसाएवढी फट या माणसाला दहा पावलांवरून दिसते. माणसातली फट बैलगाडी जाईल एवढी असली तरी दिसत नाही, ती गोष्ट वेगळी. घराण्यात सात पिढ्यांत कोणी सुपारी चघळली नाही, तर बाकीचं सोडाच. आपला जिल्हा कोरडा आहे. पन्नासएक वर्षं झाली, इथं दारू मिळत नाही. म्हणजे दुकानात मिळत नाही. बाकी कुठं कुठं मिळते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रूपरावांना नव्हतं. सरकारनं बंद केली म्हणजे बंद झाली, अशी त्यांची साधी समजूत.

तर या रूपरावांची अवजारं चाळीस वर्षं खताच्या रिकाम्या पोत्यात राहत होती. पोतं म्हणजे चुंगडी. रंधा, करवत, पटाश्या, हातोडी, गिरमिट, सगळा संसार त्या चुंगडीत, आणि चुंगडी खांद्यावर. दुनियेला दारं करून देणाऱ्याच्या स्वतःच्या न्हाणीला पोत्याचा पडदा असतो, त्यातलीच ही गत.

मागच्या फाल्गुनात सिंदी मेघेतल्या एका बंगल्यातून फोन आला. दार अडकतं, येऊन पाहा. रूपराव बसनं वर्ध्याला उतरले, तिथून पायी गेले, आणि बंगल्याच्या फाटकाशी उभे राहून त्यांनी हाक दिली. वरच्या गॅलरीतून बाईंनी वाकून पाहिलं. खांद्यावरची चुंगडी पाहिली, पायातल्या चपला पाहिल्या, आणि म्हणाल्या, “भंगार नाही आमच्याकडे. पुढे जा.”

आता फोन तुम्हीच केला होता म्हणून सांगावं की नाही? पण बोलणं म्हणजे रूपरावांना डोंगर. ते शब्द जुळवेपर्यंत मोटरसायकलवरून एक पोरगा आला. त्याच्या हातात लाल प्लास्टिकची पेटी, पेटीत विजेचं मशीन. बाईंनी एकाचीच वाट पाहत बसण्यापेक्षा दुसऱ्यालाही फोन करून ठेवला असावा. फाटक उघडलं. “या मिस्त्री, या,” असं बाई म्हणाल्या. मशीन घरघरलं. रूपराव बाहेर उभं राहून ऐकत होते. त्या आवाजावरूनच त्यांना कळलं की पोरानं बिजागरीचा स्क्रू फाटलेल्या लाकडात पिळला आहे आणि हे दार आठ दिवसांत पुन्हा अडकणार. चुंगडी उचलली आणि चालू लागले.

घरी आल्यावर जेवले नाहीत. जिजाबाईंनी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा भांडं आपटलं, तेव्हा माणूस बोलला.

“चाळीस वर्स झाले, जिजा. कोणं एकडाव तरी फाटक उघडून ‘या मिस्त्री’ म्हणावं. बस, एवढंच.”

एवढंच म्हणे! एवढ्यासाठी माणसं निवडणुका लढतात. पण जिजाबाई बाई व्यवहाराची. ती म्हणाली, जगाचे डोळे वस्तूवर असतात, माणसावर नाही. ती चुंगडी फेका आणि तुम्ही पण एक पेटी करा. सुताराचं मन बाभळीपाशी म्हणतात. रूपरावांचं मन त्या क्षणापासून पेटीपाशी जे गेलं ते परत आलंच नाही.

लाकूड घरात होतं. ग्रामपंचायतीची जुनी इमारत पाडली तेव्हा तिच्या दाराच्या फळ्या त्यांना मजुरीत मिळाल्या होत्या. साठ वर्षांचं सागवान. त्या दारातून साठ वर्षांत एक काम वेळेवर बाहेर आलं नव्हतं. लाकूड तेवढं चांगलं निघालं. रूपरावांनी फळ्या कडुनिंबाखाली ठोकळ्यावर मांडल्या आणि आधी दोन दिवस नुसत्या पाहिल्या. पाहून पाहून पातळ होणार हायेत का, असं जिजाबाईंनी विचारलं, तेव्हा कुठं त्यांनी करवतीला हात घातला.

बावीस इंच लांब, दहा रुंद, अकरा उंच. मोठ्या रंध्यानं वरचा काळा थर काढला, मग लहान रंध्यानं फळी इतकी सपाट केली की गुण्याची काटकोनी पट्टी उभी लावली तर खालून उजेडाची रेघ दिसत नव्हती. चारही कोपरे दातांचे. म्हणजे एका फळीच्या टोकाला करवतीनं आणि पटाशीनं दाते काढायचे, दुसरीच्या टोकाला तेवढ्याच खाचा करायच्या, आणि दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावी तशा फळ्या बसवायच्या. खिळा नाही, स्क्रू नाही. नुसता सरस, आणि तोही लाजेकाजेपुरता.

गावात कोणी काही बनवायला बसलं की त्याच्याभोवती काहीच न बनवणारे हमखास जमतात. कोणी म्हणालं प्लायवूड घे, हलकं राहते. कोणी म्हणालं मशीन भाड्यानं आण, एका दिवसात उरकते. एकानं मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवला; तो हीच पेटी चार मिनिटांत करत होता. रूपरावांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, मोबाइल परत दिला, आणि त्या गोऱ्यानं दाते आधी कापायचे सोडून खाचा आधी कापल्या एवढंच सांगितलं. मग पुन्हा पटाशीवर हातोडी. टक, टक, टक. तीन आठवडे सगळी गल्ली त्या आवाजावर उठली आणि त्या आवाजावर दुपारची झोपली.

वर उचलून ठेवायचा एक ताट-खण केला, त्यात पेन्सिली, गुण्या, कानशी. मधल्या पोकळीत करवत आणि रंधे. धरायला मूठ तिवसाच्या लाकडाची, कारण तिवस घामानं सडत नाही. आणि सगळ्यात खाली त्यांनी एक चोरखण केला. वडिलांच्या हातच्या तीन पटाश्या होत्या, आणि बांधकामावर अवजार उसनं नेणारे हात पुष्कळ. म्हणून तळाशी दोन इंच उंचीचा खण असा बसवला की बाहेरून पेटीचा तळच वाटावा. आत कोपऱ्यात लाकडाची एक खुंटी. ती वर ओढली की पुढची पट्टी सरकते आणि खण अलगद बाहेर येतो. शेवटी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं पॉलिश केलं. बाहेरून केलं, आतून केलं, चोरखणाच्या आतूनही केलं. तिथं कोण पाहायला येणार आहे, असं जिजाबाईंनी विचारलं. मी पाहतो नं, असं ते म्हणाले.

पेटी घेऊन रूपराव पहिल्यांदा बसमध्ये चढले तेव्हा कंडक्टरनं ती टपावर टाकू दिली नाही. एका म्हातारबाबांनी सरकून जागा दिली आणि भजन कुठं आहे असं विचारलं. त्यांना ती बाजाची पेटी वाटली. सिंदी मेघेत दुसऱ्या एका बंगल्याच्या बाईंनी तर पूजा सांगायला आलात का म्हणून पाट मांडायला सांगितला. गैरसमज निस्तरल्यावर चहा मात्र कपबशीतून मिळाला, प्लास्टिकच्या ग्लासातून नाही. हाक ‘काका’ अशी होती. ‘मिस्त्री’ अजून नव्हतं. पण कपबशी हीसुद्धा एक पायरीच की.

पंधराएक दिवसांनी अशाच एका परतीच्या बसमध्ये शेजारी येऊन बसले बबनराव.

बबनराव म्हणजे गावचे माजी सरपंच आणि तालुक्याच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष. कपडे पांढरे, टोपी पांढरी, आणि भाषण असं की ऐकताना माणसाला आपण न प्यालेल्या दारूचाही पश्चात्ताप व्हावा. बापूंच्या जिल्ह्यात जन्मलो हे आपलं भाग्य, इथून ते सुरुवात करत, आणि शेवट कुठं करत हे कोणी जागं राहून पाहिलेलं नाही. त्यांनी पेटीचं कौतुक केलं. रूपरावांना कौतुकाची सवय नाही. ते इतके फुलले की झाकण उघडून, खुंटी ओढून त्यांनी चोरखण दाखवला. बबनरावांचे डोळे त्या खणावर जे खिळले ते सेलू येईपर्यंत हलले नाहीत. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की जिल्ह्याच्या हद्दीपलीकडच्या बुटीबोरीकडून येताना नाक्यावर पोलीस झडती घेतात, तिथं ही पेटी उघडून पाहिली का कोणी? रूपराव गेल्याच आठवड्यात हद्दीपलीकडे एक काम करून आले होते. त्यांनी सांगितलं, की सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या, डिक्क्या उघडल्या, पण वाढई आहे जाऊ दे म्हणून पेटीला कोणी हात लावला नाही.

बबनरावांनी दीर्घ श्वास घेतला. म्हणाले, या देशात श्रमाला अजून प्रतिष्ठा आहे म्हणायची. आणि मला अशीच एक पेटी हवी असं म्हणाले. रिटायर झाल्यावर माणसानं हातानं काहीतरी करावं. फक्त खालचा खण दोन इंचांचा नको, चार इंचांचा असू द्या. मोठी पटाशी ठेवायची आहे.

चार इंचांची पटाशी! अख्ख्या विदर्भात कोणत्या वाढयाकडे आहे? पण रूपराव म्हणाले असेल एखादी, मोठ्या माणसाची अवजारंही मोठीच.

ती पेटी गेली आणि आठ दिवसांत दुसरी मागणी आली. मग तिसरी. शाळेतले धीरज सर आले, ग्रामसेवक आले, दवाखान्यातला कंपाउंडर आला, रस्त्याचे ठेके घेणारे दोघं भाऊ वेगवेगळे आले आणि एकमेकांना सांगू नका म्हणून गेले. होता होता बबनराव धरून अकरा जण झाले. सगळ्यांना हातानं काहीतरी करायचं होतं. सगळ्यांना खालचा खण चार इंचांचाच हवा होता. दोघांनी तर त्याला जुन्या ब्लँकेटचं अस्तर लावायला सांगितलं, अवजारं एकमेकांवर आपटून वाजू नयेत म्हणून. करवत कुठं ठेवायची, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

रूपरावांना यातलं काही खटकलं का? नाही. उलट ते रात्री जेवताना जिजाबाईंना सांगत, लोकायची अक्कल परत येऊन राह्यली, मोबाइल सोडून हाताच्या कामाले लागले. आणि खरं सांगायचं तर ही अकराही माणसं आता त्यांना ‘मिस्त्री’ म्हणत होती. पानठेल्यावर ‘या मिस्त्री, बसा मिस्त्री’ असं चालायचं. ज्या शब्दासाठी चाळीस वर्षं जीव टांगणीला होता तो असा सकाळ-संध्याकाळ फुकट मिळायला लागल्यावर कोण भला माणूस खणाचे इंच मोजत बसेल?

एक गोष्ट त्यांच्या मनाला लागायची, ती धारेची. दर शनिवारी ही मंडळी पेट्या घेऊन बसनं बुटीबोरीला जात. घरी सांगून जात, की अवजारांना धार लावून आणतो. रूपरावांना वाईट वाटायचं. घरचा वाढई सोडून हद्दीपलीकडे धार लावायला जायचं म्हणजे काय? एकदा त्यांनी ग्रामसेवकांना रस्त्यात थांबवून सांगितलं, की माझ्याकडं दगड आहे, बसल्या जागी लावून देतो, एक पैसा नको. ग्रामसेवक म्हणाले, तिथल्यासारखी धार इथं लागत नाही मिस्त्री. आणि अंगावरून एवढ्या घाईनं गेले की बस चुकणार असावी. दर आठवड्याला धार लावावी लागते आणि कोणाच्या अंगणात लाकडाचा एक छिलका दिसत नाही, हे कोडं रूपरावांनी काही दिवस मनात घोळवलं आणि शेवटी शिकाऊ हात आहेत म्हणून सोडून दिलं.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला गावातल्या लेकरांना नवे लाकडी नंदी मिळाले नाहीत. रूपरावांना वेळच नव्हता. दोन पेट्या द्यायच्या होत्या. लेकरांनी मागच्या वर्षीचे, शिंगं मोडलेले नंदी मिरवले. त्यांच्या आया काही बोलल्या नाहीत. त्या तशाही हल्ली जिजाबाईशी बोलत नव्हत्या. बचत गटाच्या बैठकीत जिजाबाई बसली की दोन्ही बाजूंनी बाया सरकून बसायच्या. बबनरावांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणजे गटाच्या अध्यक्षा. आधी घरी येऊन वाटीभर लोणचं ठेवून जाणारी बाई, ती आता रस्त्यात दिसली तर पदर नीट करत दुसरीकडे पाहायची. जिजाबाईनं घरी याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दिवाळीनंतर बबनरावांनी जाहीर केलं, की समितीतर्फे ‘श्रमप्रतिष्ठा सोहळा’ घ्यायचा. हस्तकलेला नवजीवन देणारे रूपराव मिस्त्री यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. फ्लेक्स छापला गेला. त्यावर बबनरावांचा फोटो हातभर, प्रमुख पाहुण्यांचा वीतभर, आणि खाली कोपऱ्यात रूपरावांचा पासपोर्ट साइझचा. पण नाव ठळक होतं: रूपराव मिस्त्री. जिल्ह्याच्या गावाहून एक पाहुणे येणार होते. अकराही पेट्या मंचावर ओळीनं मांडायच्या, प्रत्येक पेटीशेजारी तिचा मालक, असा थाट ठरला. रूपराव रोज चौकातून जाताना त्या फ्लेक्सपाशी थांबायचे आणि चपलेचा अंगठा नीट करत असल्यासारखं वाकून आपलं नाव वाचायचे.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी धीरज सरांची पेटी दुरुस्तीला आली. शाळेचा शिपाई ठेवून गेला. खालचा खण अडकला आहे, उद्याच्या आत मोकळा करा, सर उद्या ती मंचावर ठेवणार आहेत. रूपरावांनी पेटी कडुनिंबाखाली घेतली. ताट-खण उचलला. हातोडीच्या जागेत खारे शेंगदाणे होते. नवल वाटलं, पण मास्तर माणूस, भूक लागत असेल. खुंटी ओढली, पट्टी हलेना. पातळ पटाशीचं टोक घालून, लाकडाला इजा होणार नाही असं हळूच दाबलं तेव्हा खण बाहेर आला.

खण रिकामा होता. पण आतलं पॉलिश गेलं होतं. रूपरावांनी बोट फिरवलं. लाख मऊ, चिकट होऊन बोटाला आली. त्यांनी ते बोट नाकाशी नेलं.

आता लाखेचं असं असतं, की पाणी सांडलं तर पांढरा डाग पडतो. तेल सांडलं तर पुसून निघतं. पण लाख पुन्हा चिकट होऊन सुटते ती एकाच वस्तूनं, जिच्यात ती विरघळवलेली असते. हे रूपरावांना शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, चाळीस वर्षं हातांनी शिकवलं होतं. आणि पटाश्यांच्या खणात स्पिरिट कोणी ओतत नाही. त्यांनी खणाच्या कडा पाहिल्या: लोखंडाचा एक ओरखडा नाही, तेलाचा एक ठिपका नाही, लाकडाची चिमूटभर भुकटी नाही. या पेटीत अवजार कधी शिरलंच नव्हतं. चार इंच. ब्लँकेटचं अस्तर. शनिवारची धार. एकेक गोष्ट डोक्यात बसत गेली, आणि बसली ती अशी की मधून उजेडाची रेघ दिसेना.

जिजाबाई चहा घेऊन आली, तर त्यांनी बोट तिच्यासमोर धरलं.

तिनं वास घेतला नाही. चहाचे कप खाली ठेवले. मग हळूच म्हणाली, “मले वाटलं, तुम्हाले मालूम हाये.”

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हे. जिला आपण रोज लोकांची अक्कल परत आल्याचं सांगत होतो तिला सगळं ठाऊक होतं. गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. आणि त्या सगळ्या जणी समजत होत्या की रूपराव वाढयाला माहीत असून तो डोळे मिटून पेट्या करतो. सात पिढ्या सुपारी न चघळलेल्या घराचं नाव अकरा घरांतल्या बायकांच्या तोंडी काय असेल, याचा हिशेब त्यांनी मनात केला. पुढे बोलायचं तर फ्लेक्सवरचं नाव जाणार, पानठेल्यावरचं ‘या मिस्त्री’ जाणार. न बोलायचं तर शाल मिळणार. आणि त्या शालीखाली काय काय झाकायचं, हेही आता कळलं होतं.

त्यांनी जिजाबाईंना विचारलं, उद्या जाऊ का नको? तिनं कप उचलले आणि म्हणाली, “जा तं. पण ते शाल घरात आणू नका.”

समाजभवनासमोर मंडप होता. समोर माणसं, उजवीकडे बाया, पुढच्या रांगेत मनकर्णाबाई नव्या जरीच्या लुगड्यात. मंचावर अकरा पेट्या, अकरा खुर्च्या, अकरा कर्ते पुरुष. आदल्या रात्री आणखी एक फेरी बुटीबोरीची झाली होती, कारण सोहळा झाल्यावर पाहुण्यांचा पाहुणचार होता आणि पाहुणचाराचं सामान पेट्यांत, मंचावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवण्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. बबनराव बोलायला उठले. बापूंचा जिल्हा झाला, घामाची किंमत झाली, व्यसनाचा राक्षस झाला. पाऊण तासानं त्यांनी शाल घातली, नारळ दिला, आणि मिस्त्रींनी दोन शब्द बोलावेत म्हणून माइक पुढे केला. रूपराव बोलत नाहीत हे सगळ्या गावाला माहीत असल्यामुळे ती नुसती रीत होती.

रूपरावांनी शाल काढली, घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. माइक हातात धरला.

“एका पेटीचा खण अडकला होता,” ते म्हणाले. “आतली पॉलिश सुटली होती. काम माह्या हातचं हाये, तं बाकीच्या दहा पेट्यायचे खणही मीच पाहून घेतो. साऱ्यायसमोर.”

आणि ते माइक ठेवून पहिल्या पेटीकडे निघाले.

मग जे झालं ते त्या गावानं पुन्हा कधी पाहिलं नाही. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, खूण केली नाही, पण ग्रामसेवक उठले आणि आपल्या पेटीवर बसले. कंपाउंडर बसला. ठेकेदार भाऊ बसले. धीरज सरांची पेटी कालच मोकळी झाली होती, पण तेही बसले. म्हणजे तीसुद्धा रातोरात पुन्हा भरली होती. शेवटी बबनराव हसत हसत, थकल्यासारखं दाखवत आपल्या पेटीवर टेकले. सगळ्यात जड माणूस तेच. अकरा जण अकरा पेट्यांवर ओळीनं बसले आणि एकही पेटी कुरकुरली नाही. जिल्ह्याच्या पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, पेट्या किती मजबूत ते दाखवताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या एकट्याच्याच टाळ्या वाजल्या.

रूपराव मंचाच्या मधोमध उभे होते. समोर अकरा प्रतिष्ठित माणसं, कोणी नखं पाहत होतं, कोणी मंडपाचं कापड. आता त्यांना उठा म्हणण्याचा अधिकार एका वाढयाला कोण देणार? त्यांना वाटलं, झालं एवढं पुरे, खाली उतरून घरी जावं. ते पायऱ्यांकडे वळलेसुद्धा.

तेवढ्यात बायांच्या बाजूनं आवाज आला. मोठा नव्हता, पण मंचापर्यंत पोचला.

“मिस्त्री, जाऊ नका. आमच्या घरच्या पेटीपासून सुरू करा.”

मनकर्णाबाई उभ्या राहिल्या होत्या. बबनरावांनी पेटीवरूनच हात हलवून, सभेत बोलताना वापरतात त्या मऊ आवाजात त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. लुगड्याच्या निऱ्या मुठीत धरून त्या पायऱ्या चढून वर आल्या, तीस वर्षं ज्या माणसाची भाषणं पुढच्या रांगेत बसून ऐकली त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, “उठा.”

बबनरावांनी पाहुण्यांकडं पाहिलं, समोरच्या गर्दीकडं पाहिलं, बायकोच्या चेहऱ्याकडं पाहिलं. आणि उठले.

रूपराव गुडघ्यावर बसले. झाकण उघडलं, ताट-खण उचलून बाजूला ठेवला, खुंटी ओढली. खण कुठंही न अडकता अलगद बाहेर आला. आत दोन बाटल्या, ब्लँकेटच्या अस्तरात, न वाजता. रूपरावांनी त्या उचलून मनकर्णाबाईंच्या हातात दिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता.

मागं पाहिलं तर पायऱ्यांवर दहा बाया एकीमागं एक उभ्या होत्या. पहिली ग्रामसेवकांची बायको होती. तिनं डोक्यावरचा पदर सावरला.

“मिस्त्री,” ती म्हणाली, “आता आमच्या घरची.”